ग्राफिक्स शून्य, गर्दी फुल: ‘मड’पासून बीजीएमआयपर्यंत

नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आज गेमिंगचा इतिहास. डोळ्यांसमोर एक काळी स्क्रीन आणा. तिच्यावर फक्त एवढं लिहिलंय:

“तुम्ही एका जुन्या वाड्याच्या चौकात उभे आहात. मधोमध तुळशीवृंदावन आहे, त्यातली तुळस कधीच वाळली आहे. उत्तरेला माडीचा जिना, पूर्वेला बंद दार. इथे एक कंदील पडला आहे. सायली इथे आहे.”

खाली कर्सर लुकलुकतोय. तुम्ही टाइप करता, ‘कंदील घे’. उत्तर येतं, ‘कंदील घेतला.’ आणि मग, तुम्ही काहीच न करता, एक ओळ उमटते: ‘सायली म्हणते, ए, तो कंदील माझा आहे.’

या शेवटच्या ओळीत सगळी गंमत आहे. सायली कॉम्प्युटरने बनवलेली नाही. ती दुसऱ्या कुठल्यातरी कीबोर्डपुढे बसलेली खरी मुलगी आहे, तिला तुमच्यासारखाच तो चौक ‘दिसतोय’, आणि कंदिलावरून आता तुमचं भांडण होणार आहे.

हा वाडा मी आत्ता उदाहरणापुरता बांधला. पण असा गेम १९७८ साली इंग्लंडमध्ये खरंच सुरू झाला होता. तेव्हा घराघरात कॉम्प्युटर नव्हते, वेब नव्हतं, माउस सामान्य माणसाने पाहिलेला नव्हता. त्या गेमचं नाव मल्टी-यूझर डंजन, थोडक्यात एम-यू-डी, म्हणजे ‘मड’. इंग्रजीत त्याचा अर्थ चिखल. आज तुम्ही फोनवर जे ऑनलाइन गेम खेळता, त्यांतल्या निम्म्याअधिक गोष्टी या चिखलातून उगवल्यात.

आता थोडं मागे जाऊ. १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउदर नावाचा प्रोग्रामर होता. इंटरनेटचं मूळ असलेल्या आर्पानेटवर त्याने काम केलं होतं आणि त्याला गुहा धुंडाळायचा नाद होता. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळायला म्हणून त्याने एक गेम लिहिला: केंटकीतल्या खऱ्या मॅमथ गुहेवर बेतलेली एक गुहा, पूर्ण शब्दांत. कॉम्प्युटर सांगणार तुम्ही कुठे आहात, तुम्ही दोन शब्दांत सांगायचं काय करायचंय. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात जादू आणि खजिना वाढवला. ‘ॲडव्हेंचर’ नावाचा हा गेम विद्यापीठांतून वणव्यासारखा पसरला. मग त्याच धाटणीचा ‘झोर्क’ आला, आणि झोर्कची एक आवृत्ती ‘डंजन’ या नावाने फिरत होती. मडमधलं डंजन हे तिथून आलंय.

पण या सगळ्या गुहांमध्ये माणूस एकटाच हिंडायचा.

एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पुढचं पाऊल टाकलं. विद्यापीठात पीडीपी-१० नावाचं कपाटाएवढं मशीन होतं, आणि त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर अनेक जण एकाच वेळी काम करत. त्या मशीनच्या मेमरीचा एक भाग सगळ्या यूझर्सना मिळून वापरता येईल अशी युक्ती ट्रबशॉच्या हाती लागली. एकाने तिथे काही बदललं की दुसऱ्याला ते लगेच कळणार. म्हणजे एकाने कंदील उचलला की दुसऱ्यासाठी तो तिथून नाहीसा. तांत्रिकदृष्ट्या मल्टिप्लेअरचं बीज एवढंच.

ट्रबशॉने आणखी एक शहाणपणा केला. गेम चालवणारा प्रोग्राम एकीकडे ठेवला आणि जगाचं वर्णन, म्हणजे खोल्या, वस्तू, रस्ते, दुसरीकडे. जगासाठी वेगळी छोटी भाषाच बनवली. त्यामुळे नवी खोली जोडायची तर मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

१९८० मध्ये ट्रबशॉचं शिक्षण संपलं आणि गेमची सूत्रं रिचर्ड बार्टलकडे आली. बार्टल यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या लहान गावातला. वडील गॅस फिटर, आई शाळेत मुलांचं जेवण करायची. त्या काळच्या ब्रिटनमध्ये तुम्ही तोंड उघडलं, की तुमच्या उच्चारांवरून समोरच्याला तुमची पायरी कळायची. कुठल्या शाळेत होता, वडील काय करतात, सगळं एका वाक्यात उघडं. बार्टलने नंतर मुलाखतींतून अनेकदा सांगितलंय, की मड हे आमच्यासाठी राजकीय विधान होतं. बाहेरचं जग आम्हाला नको होतं, म्हणून आम्ही दुसरं जग केलं.

आता ‘लेव्हल’कडे या नजरेने बघा. आपण लेव्हल म्हणतो ती इतकी नेहमीची गोष्ट, की ती कुठून आली हा प्रश्नच पडत नाही. कागदावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ती आधीपासून होतीच. पण मडमध्ये तिला वेगळा अर्थ आला. सगळे एकाच पायरीवर, नवशिके म्हणून आत येणार. आवाज ऐकू येत नाही, कपडे दिसत नाहीत, आडनाव कुणी विचारत नाही. खजिना शोधा, तो दलदलीत नेऊन टाका, गुण मिळवा, वर चढा. पुरेसे गुण झाले की तुम्ही ‘विझार्ड’, आणि विझार्डला गेमवर सत्ता मिळे. तो अदृश्य होऊन फिरू शके, इतरांवर नजर ठेवू शके, आणि फिंगर ऑफ डेथ नावाच्या कमांडने कुणालाही जागच्या जागी संपवू शके. म्हणजे खेळून खेळून तुम्ही ॲडमिन होत होता! आज कुठल्या गेममध्ये असं होतं का? कॉन्करर व्हा, एस व्हा, कंपनी तुम्हाला फ्रेम आणि बॅज देईल. सर्व्हरची किल्ली देणार नाही.

आणि ही पायरी स्वस्तात मिळायची नाही. मडमध्ये लढाईत मेलात तर आठवडेच्या आठवडे खपून वाढवलेलं पात्र कायमचं पुसलं जाऊ शके. रिव्हाइव्ह वगैरे काही नाही.

१९८० मध्येच एसेक्सचं मशीन एका प्रायोगिक नेटवर्कमार्गे अमेरिकेतल्या आर्पानेटला जोडलं गेलं आणि बाहेरचे लोक येऊ लागले. विद्यापीठाने त्यांना रात्रीची वेळ दिली होती, जेव्हा मशीन रिकामं असायचं. लोक मोडेम लावून, फोनचं बिल सोसून, पहाटेपर्यंत खेळत. मोडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. वाड्याचं जे वर्णन मी वर दिलं, तेवढा इंग्रजी मजकूर स्क्रीनवर उमटायला सहा-सात सेकंद लागले असते. तुमच्यावर कुणी तलवार चालवलीय हे तुम्ही अक्षर-अक्षर वाचत बसणार. ‘लॅग’बद्दल तक्रार करणाऱ्यांनी जरा विचार करावा.

एक शब्द सांगतो आणि पुढे जातो. गेममधल्या फिरत्या राक्षसांना, प्राण्यांना गेमर ‘मॉब’ म्हणतात. माइनक्राफ्टमध्येही तोच शब्द. अनेकांना वाटतं मॉब म्हणजे झुंड. नाही. मड बनवताना हलणाऱ्या जिवांसाठी ‘मोबाइल’ हा शब्द वापरला गेला, त्याचं हे लघुरूप. खिशातल्या मोबाइलचा काही संबंध नाही, तो तेव्हा नव्हताच.

मड एसेक्समध्ये अडकून पडला नाही. १९८७ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात ॲलन कॉक्सने ‘ॲबरमड’ लिहिला. हा तोच ॲलन कॉक्स, जो पुढे लिनक्स कर्नलमधलं मोठं नाव झाला. तुमचा अँड्रॉइड त्याच कर्नलवर चालतो, हे जाता जाता. १९८९ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनीसने ‘टायनीमड’ केला, त्याच वर्षी स्वीडनमध्ये लार्स पेन्श्योने ‘एलपीमड’, आणि १९९०-९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’. डिकू हे त्यांच्या कॉम्प्युटर विभागाच्या नावाचं लघुरूप.

यातले दोन फाटे महत्त्वाचे आहेत, कारण तिथे रस्ता फुटतो.

टायनीमडने लढाई जवळजवळ काढूनच टाकली. गुण नाहीत, खजिना नाही. मग लोक करायचे काय? बांधायचे. कुणीही खेळाडू नवी खोली खोदू शके. खोली बांधायला काय लागतं? दोन-चार वाक्यं. बस. समुद्रकिनारा हवा, लिहा. उलटा लटकलेला राजवाडा हवा, लिहा. सोळा वर्षांच्या पोराचा राजवाडा आणि प्राध्यापकाचा राजवाडा, दोन्हींचा खर्च सारखाच: शून्य.

आणि हावभावांचंही तसंच. या गेम्समध्ये एक कमांड असायची, इमोट किंवा पोझ. तिच्यापुढे तुम्ही काहीही लिहिलं की ते तुमच्या नावासह सगळ्यांना दिसे. समजा मी लिहिलं, ‘खिशातून शेंगदाणे काढतो, सायलीला देऊ की नको असा विचार करतो आणि एकटाच खातो.’ झालं, सगळ्या खोलीला तेच दिसणार. याला ॲनिमेटर लागला नाही, अपडेट लागला नाही, डेटा शे-दोनशे बाइट. आता तुमच्या बीजीएमआयमधले इमोट आठवा. नाच, टाळ्या, सलाम. छान असतात, मीही बघत बसतो. पण एकेक नाच कुणीतरी खपून बनवलेला असतो, तो यादीतूनच निवडावा लागतो, आणि चांगल्यासाठी यूसी मोजावे लागतात. इमोट हा शब्द तोच राहिला. मडमध्ये ते तुमचं वाक्य होतं, आता ती दुकानातली वस्तू आहे.

माझ्या मते शब्दांचे गेम आणि चित्रांचे गेम यांतला खरा फरक हा आहे. कोण जास्त सुंदर, कुठे कल्पनाशक्तीला जास्त वाव, हा वाद लोक ३० वर्षं घालतायत आणि तो मला फारसा रस देत नाही. रस आहे तो हिशेबात. वाक्य फुकट असतं, चित्र महाग असतं. जे महाग असतं ते बनवायला कंपनी लागते. आणि जग कंपनीने बनवलं, की आपण तिथले पाहुणे.

पण थांबा, लगेच जुनं ते सोनं म्हणू नका. वाक्य फुकट असण्याचे भोगही होते.

१९९० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिसने ‘लॅम्डामू’ नावाचं जग उभं केलं. टायनीमडसारखंच, पण इथे खेळाडू खोल्यांबरोबर प्रोग्रामही लिहू शकत. हजारो लोक आले. भांडणं इतकी वाढली की १९९२ च्या शेवटी कर्टिसने जाहीर केलं, विझार्ड यापुढे फक्त तांत्रिक काम बघतील, सामाजिक निवाडे तुमचे तुम्ही करा.

त्यानंतर काहीच महिन्यांत, १९९३ मध्ये, मिस्टर बंगल नावाच्या पात्राने एका भरलेल्या खोलीत एक प्रोग्राम चालवला. इतरांची पात्रं, ज्यात बायका होत्या, लैंगिक आणि हिंसक कृत्यं करतायत अशी वाक्यं त्यांच्या परवानगीशिवाय सगळ्यांसमोर उमटू लागली. त्या पात्रांमागच्या माणसांना थांबवता येईना. नुसती अक्षरं होती, हे खरं. पण त्या पात्रांना लोकांनी महिनोन्महिने घडवलं होतं, मित्र त्यांना त्याच नावाने ओळखत होते. ज्यांच्यावर हे झालं त्यांना ते अक्षरांपुरतं वाटलं नाही. मोठी सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, ठराव काही होईना. शेवटी एका विझार्डने एकट्याच्या निर्णयाने बंगलचं पात्र नष्ट केलं. या शिक्षेला तिथे ‘टोड’ करणं म्हणत, म्हणजे बेडूक करणं. पत्रकार ज्युलियन डिबेलने त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइसमध्ये यावर लेख लिहिला आणि ऑनलाइन छळ हा विषय कायद्याच्या वर्गांपर्यंत पोचला.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कर्टिसने त्या प्रकारानंतर मतदानाची पद्धत बसवली. कुणीही अर्ज मांडायचा, पुरेशा सह्या झाल्या की सगळ्यांनी मत द्यायचं, मंजूर झालं तर विझार्डांनी अंमल करायचा. एका गेममध्ये लोकशाही! ती तीन वर्षं रखडत चालली. अर्ज, प्रतिअर्ज, गटबाजी, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतं तसं सगळं. १९९६ मध्ये विझार्डांनी हात टेकले आणि सत्ता काही प्रमाणात परत घेतली. प्रयोग फसला असं म्हणता येईल. पण आज व्हॉइस चॅटवर कुणी मुलीला घाणेरडं बोललं, तर तुमच्या हातात काय असतं? रिपोर्टचं बटण. पुढे काय झालं ते कळत नाही. नियम कुणी केला ते माहीत नाही, तो बदलायचा कसा हे तर नाहीच नाही.

आता दुसरा फाटा, डिकूमड. हा बरोबर उलटा. इथे बांधकाम कमी, मारामारी भरपूर. राक्षस मारा, माल उचला, लेव्हल वाढवा, आणखी मोठा राक्षस मारा. एक जण पुढे होऊन मार खाणार, दुसरा त्याला बरं करणार, तिसरा मागून घाव घालणार, ही टीमची रचना या घराण्यात मुरली. शिवाय डिकूचा कोड उतरवून घेतला की लगेच चालायचा, म्हणून जगभर त्याच्या शेकडो नकला झाल्या.

१९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा त्रिमितीय गेम आला. तो डिकूमडशी इतका जुळत होता, की यांनी आमचा कोडच उचललाय अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी २००० मध्ये एव्हरक्वेस्टच्या प्रोग्रामरांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं की आम्ही डिकूचा कोड वापरलेला नाही. कोड नव्हता, पण सवयी सगळ्या तिथल्याच होत्या. बनवणारे लोक वर्षानुवर्षं मड खेळलेले होते. मग एव्हरक्वेस्टच्या पावलावर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. अक्षरांच्या राक्षसाला चेहरा मिळाला, आणि त्या चेहऱ्यावर माणसांची फौज पोसायला दर महिन्याची वर्गणी.

तुम्ही म्हणाल, आम्ही वॉरक्राफ्ट कुठे खेळतो, आमचा बीजीएमआय. तर तिकडेही एक धागा जातो, आणि तो कोरियातून जातो.

दक्षिण कोरियात १९९४ मध्ये व्यावसायिक मड सुरू झाले, कोरियन भाषेत. त्यांतल्या ‘जुरासिक पार्क’ नावाच्या मडवर जेक साँग या तरुण प्रोग्रामरने काम केलं होतं. याच साँगने पुढे नेक्सॉन कंपनीसाठी चित्रांचा ऑनलाइन गेम उभा केला. तो १९९६ मध्ये आला, ‘द किंगडम ऑफ द विंड्स’. मग साँग एनसीसॉफ्टमध्ये गेला आणि १९९८ मध्ये ‘लिनेज’ आला, ज्याने कोरियातले सायबर कॅफे भरून टाकले. लिनेजच्या तिसऱ्या भागावर काम करणारी काही मंडळी बाहेर पडून २००७ मध्ये ब्लूहोल नावाच्या नव्या कंपनीत आली. ब्लूहोलने आधी ‘टेरा’ नावाचा ऑनलाइन गेम केला, आणि २०१७ मध्ये ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाला हाताशी धरून पबजी. ब्लूहोलचं नाव पुढे झालं क्राफ्टन. बीजीएमआय त्यांचाच.

नातं ओढूनताणून सख्खं करायला नको. पबजीचा खेळ, म्हणजे बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं, हा ग्रीनच्या बंदुकीच्या गेम्समधल्या प्रयोगांतून आला. तो मडचा वंशज नाही. पण तो बनवणारं घर त्या वंशातलं आहे. आजोबांचं नाक नातवाला आलंच असं नाही, आडनाव मात्र येतं.

मग आपल्याकडे मडची पिढी का झाली नाही? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त ‘शेल’ अकाउंट होतं त्यात चित्रं दिसतच नसत, नुसती अक्षरं. मड खेळायला याहून योग्य काय? पण एकेक तास मोजून वापरायचा, फोनचं बिल वेगळं, आणि घरी कॉम्प्युटर असणारी घरंच मुळात किती? इंटरनेट खऱ्या अर्थाने गल्लीत पोचलं ते सायबर कॅफेतून, आणि तोवर चित्रं आली होती. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी मल्टिप्लेअरची पहिली आठवण म्हणजे कॅफेतल्या शेजारच्या खुर्चीवरून ओरडणारा मित्र आणि काउंटर-स्ट्राइक.

आणि दुसरं कारण जास्त खोल आहे: इंग्रजी. मडमध्ये जात, वर्ग, चेहरा कुणी विचारत नव्हतं, हे बार्टलचं म्हणणं मान्य. पण दारावर एक परीक्षा होतीच. झरझर इंग्रजी वाचता आणि टाइप करता आलं पाहिजे. नाही आलं तर पहिल्याच राक्षसाने खाल्लं. चित्रांनी ही परीक्षा काढून टाकली. आज लातूरचा मुलगा आणि नाशिकची मुलगी एका स्क्वाडमध्ये उतरतात, व्हॉइस चॅटवर शुद्ध मराठीत एकमेकांना शिव्या घालतात, ‘अरे मागं बघ मागं, झाडाआड हाय तो’. मडच्या जन्मभूमीत हे शक्य नव्हतं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा आपल्याकडचा बॅटल रोयाल आणला, तोही चित्रांच्या जगातच शक्य झाला. हे मी चित्रांच्या बाजूने फार मोठं माप धरतो.

फक्त त्या बदल्यात काय गेलं ते २ सप्टेंबर २०२० ला कळलं. सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. कारणं देशाच्या सुरक्षेची होती, तो वाद आज नको. पण लाखो पोरांची वर्षांची कमाई, कपडे, रँक, एका संध्याकाळी टांगणीला. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरमधून गायब, २०२३ च्या मे महिन्यात परत. प्रत्येक वेळी आपण काय केलं? वाट पाहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

मडचं वेगळं होतं. मूळ मड कॉम्प्यूसर्व्ह या अमेरिकन सेवेवर ‘ब्रिटिश लेजंड्स’ नावाने पैसे घेऊन चालायचा आणि १९९९ च्या अखेरीस तो बंद केला गेला. तर एका जुन्या चाहत्याने बार्टलच्या परवानगीने कोड नव्या मशीनसाठी पुन्हा लिहिला आणि गेम परत उभा केला. संपूर्ण जग, खोल्या, दलदल, राक्षस, सगळं मिळून एका सेल्फीपेक्षा लहान फाइलमध्ये मावतं. ज्याच्याकडे फाइल, त्याच्याकडे जग.

माइनक्राफ्टवाले आता हात वर करत असतील. बरोबर आहे. स्वतःचा सर्व्हर चालवता येतो, स्वतः बांधता येतं, टायनीमडचा आत्मा तिथे आहे. म्हणूनच कदाचित तो इतका टिकलाय. रोब्लॉक्समध्येही लोक बांधतात, पण जमीन कंपनीची.

आणखी एका गटाला विसरून चालणार नाही. मड आजही जिवंत ठेवणाऱ्यांमध्ये अंध खेळाडू मोठ्या संख्येने आहेत. स्क्रीन रीडर प्रत्येक ओळ वाचून दाखवतो, की झालं. डोळस माणसाला जी माहिती मिळते तीच, तेवढीच, त्याच क्षणी त्यांनाही मिळते. ‘ऑल्टर ईऑन’सारख्या मडमध्ये तर अंध खेळाडूंच्या सोयीसाठी खास बदल केलेत. चित्रांच्या गेममध्ये एवढी बरोबरी आणायला मोठमोठ्या स्टुडिओंना अजून घाम फुटतो.

शेवटचा भाग, आणि खरं तर हा भाग करायचं माझं कारण. मराठीत मड का नसावा? पूर्वी तांत्रिक अडचण होती, त्या टर्मिनलांना इंग्रजीची जेमतेम शंभरेक अक्षरं कळायची. आता प्रत्येक फोनवर देवनागरी आहे. खरी गंमत व्याकरणात आहे. इंग्रजीत ‘गेट लॅम्प’ म्हटलं की दोन सुटे शब्द, प्रोग्राम खूश. मराठीत ‘कंदील घे’ सोपं, पण ‘कंदिलात तेल घाल’ म्हटलं की कंदीलचं ‘कंदिला’ झालं, वर ‘त’ चिकटला. घोडा ‘घोड्यावर’ होतो, पोतं ‘पोत्यात’ जातं. प्रोग्रामला हे सगळं सामान्यरूप शिकवावं लागणार.

क्रियापदं तर विचारूच नका. ‘दिवा लाव’ म्हणजे पेटव, ‘दार लाव’ म्हणजे बंद कर, ‘फोन लाव’ आणखी तिसरंच. ‘मार’ म्हणजे हल्ला, असं एकदा शिकवलंत की कुणीतरी ‘गप्पा मार’ लिहिणार आणि प्रोग्राम गप्पांवर तलवार काढणार. ‘उडी मार’, ‘हाक मार’, ‘डुलकी मार’. मग प्रश्न, गेमने खेळाडूला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’? नवशिक्याला ‘तू’ आणि विझार्डला ‘तुम्ही’ असं ठेवलं तर? ‘आलास’ की ‘आलीस’ हे आधी विचारावं लागेल, की सरसकट ‘आलात’ करून सुटायचं?

कोरियनांनी त्यांच्या भाषेत हे केलं, आणि त्यांचं क्रियापदही शेवटी येतं, प्रत्ययही चिकटतात. म्हणजे अशक्य नाही.

तर गृहपाठ. तुमच्या ओळखीची एक जागा घ्या, एसटी स्टँड, आजोळचा माळा, कॉलेजचा कट्टा, काहीही. तीन-चार वाक्यांत खोली लिहा, बाहेर पडायच्या दिशा द्या, आणि उचलता येईल अशी एक वस्तू ठेवा. लिहून पाठवा किंवा व्हॉइस नोट करा. पुरेशा खोल्या आल्या, तर पुढच्या महिन्यात त्या एकमेकींना जोडून बघू. वाड्याचं पूर्वेचं दार मी मुद्दाम बंद ठेवलंय, पलीकडे काय आहे ते तुम्ही ठरवा.